रिमोटमधले जुने सेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असं ती सगळ्यांना सांगत असते. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. घरात बसवत नाही, बाहेर पडलं की तिथंही करमत नाही, एवढं मात्र खरं.

गोष्ट एसीच्या रिमोटची आहे. हसू नका.

मुरुम गावातल्या आमच्या घरात एकाच खोलीत एसी. मे महिन्यात दुपारी सगळं घर तिथंच येऊन पडतं. मी शाळेत मास्तर, म्हणजे सुट्टीभर घरीच. माझे वडील – अण्णा – टेलर. उभा जन्म पत्र्याच्या दुकानात गेला त्यांचा, शेजारी कोळशाची इस्त्री. म्हातारपणी दुकान सोडलं, पण मशीन घरच्या ओट्यावर आलंच. काजं ते हातानंच करायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीला माझ्या मुलीचा पांढरा फ्रॉक त्यांनीच शिवायचा, आणि गल्लीतल्या बायांनी त्याची काजं उलटून उलटून बघायची.

तर अण्णांना एसी अठरावर लागायचा. माझं डोकं सव्वीसच्या खाली ठणकतं. ते खाटेवरून अठरा करणार, मी सव्वीस, ते पुन्हा अठरा. भांडण कधी झालं नाही – झालं असतं तर बरं झालं असतं. मी आपला आतल्या आत धुमसत पडायचो. बापाला जरा गारवा मिळतोय आणि लेकाला राग येतोय – काय म्हणावं याला?

मग गेल्या मेमध्ये रिमोटचे सेल संपत आले. अण्णा म्हणाले, "येताना नवे घेऊन ये रं." मी आणले. आणि खिशातच ठेवले. अण्णांची एक सवय होती – संपलेले सेल टाकायचे नाहीत, खिडकीत उन्हाला ठेवायचे, जरा धुगधुगी येते म्हणून. त्यातलेच दोन उचलून मी रिमोटमध्ये घातले. "घातले नवे," म्हणालो.

त्या सेलांवर रिमोटचा आकडा दिसायचा, पण खाटेवरून कितीही दाबा, एसी ढिम्म. अगदी एसीखाली उभं राहून दाबलं तरच वाजायचा. हे मला कळलं होतं, अण्णांना नाही. ते दाबायचे, रिमोट तळहातावर आपटायचे, पुन्हा दाबायचे. शेवटी कंटाळून माझ्याकडे द्यायचे. मी उठून एसीखाली जायचो – सव्वीस.

तुम्ही म्हणाल, पोरकटपणा आहे, एवढंच ना? मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण सेल हा माझा खरा गुन्हा नाही. म्हणजे – तोही आहेच. पण खरं ते पुढं आहे, आणि ते लिहायच्या आधी मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

अशाच एका दुपारी अण्णांनी रिमोट डोळ्यांजवळ धरला. "आकडा तर दिसतुय. सेल बी नवे हायत. मग तुझ्या हातानं व्हतंय ते माझ्या हातानं का व्हईना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरंच विचारत होते. मी म्हणालो, "बटण जोरात दाबावं लागतं, अण्णा. वय झालं तुमचं. बोटांत जोर राहिला नाही आता."

का म्हणालो? पकडला जाईन म्हणून. आणि सव्वीसवर निवांत पडता यावं म्हणून. दुसरं काहीही नाही.

उजव्या हाताचा अंगठा अण्णांनी बोटांवर घासून बघितला, कापडाचा पोत बघतात तसा.

त्यानंतर सुई हातात घेतली की ते थांबायला लागले. शेजारणीचं ब्लाऊज न शिवताच परत दिलं – "कापड बिघडंल तुमचं, बाई." आणि एक दिवस मी बाजारातून आलो तर ओट्यावर त्यांची कात्री नव्हती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका टेलरला देऊन टाकली होती. मी तसाच आत गेलो, दडवलेले नवे सेल घातले, रिमोट त्यांच्या हातात द्यायला गेलो. "आता दाबून बघा की." त्यांनी तो घेतलाही नाही. "ऱ्हाऊ दे. तूच लाव."

बोलायचं होतं एवढंच – अण्णा, सेल मेलेले होते, तुमची बोटं धडधाकट आहेत. किती वेळ लागतो एवढं बोलायला? तेव्हा बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

यंदा जयंतीला मुलीचा फ्रॉक उमरग्याहून तयार आणला. अण्णांनी तिला जवळ बोलावलं, पाठीवरचं काज चिमटीत धरलं. दोरा पहिल्याच दिवशी सुटत होता. "मशीनचं हाय. लई झ्याक हाय, बाय," म्हणाले, आणि बोलता बोलता तो केसाएवढा दोरा दोन बोटांनी वळून, गाठ मारून त्यांनी बसवला. एका खेपेत. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं. मी बघत होतो.

काल दुपारी खाटेवरून हाक आली, "एसी लाव रं. तुला सोसंल तेवढाच." रिमोट त्यांच्या उशाशीच पडला होता. मी उठलो, तो उचलला आणि बटण दाबलं. अगदी हलकं दाबलं तरी लागतो.