चोवीस खळग्यांची प्लेट

उंदराच्या मेंदूचा काप चिमट्याने उचलला की फाटतो. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत चित्रकाराचा सर्वांत बारीक ब्रश वापरत. द्रावणात तरंगणारा काप ब्रशच्या टोकावर अलगद घ्यायचा आणि प्लेटच्या खळग्यात सोडायचा. तिथे तो जाईच्या पाकळीसारखा एकदा मुडपे, मग उलगडून स्थिर होई. चोवीस खळग्यांची ती पारदर्शक प्लेट, हातमोज्यांतूनही जाणवणारा तिचा गारवा, घशात उतरणारा फॉर्मलिनचा वास. संशोधन सहायक म्हणून माझी पहिली दोन वर्षं यातच गेली.

हे काम मला ताईने शिकवलं. ती तिथली पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन करणारी; नागपूरची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. माझ्याकडे गाडी नव्हती. मिशिगनमधल्या नोव्हायला माझ्या अपार्टमेंटखाली ती रोज सकाळी थांबायची आणि काच खाली करून विचारायची, “डबा घेतलास ना गं?” मी तिला ताई म्हणे, आणि म्हणताना त्यात काही उसनं वाटत नसे.

त्या हिवाळ्यात मी पीएच.डी.साठी अर्ज करत होते. आमच्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र असलं तरच त्या अर्जांना वजन येणार होतं, आणि ते त्यांनी कबूल केलं होतं.

औषध दिलेल्या उंदरांच्या कापांना आम्ही कडेला बारीक खाच पाडत असू. एका गुरुवारी मायक्रोस्कोपखाली ती खाच मला भलत्याच गटात दिसली. काप रंगवताना मी प्लेट अर्धा फेरा फिरवून ठेवली होती. पहिला खळगा शेवटचा झाला होता आणि औषध न दिलेले उंदीर औषध दिलेल्यांच्या जागी गेले होते. आठवडाभराची मोजणी उलटी झाली होती.

मी ताईकडे गेले.

“होतं गं असं. मीही केलंय,” ती म्हणाली. “बॉसला आज नको सांगूस. उद्या ग्रँटचा अर्ज जातोय, उगाच भडकेल.”

“पण त्यात याच मोजणीचा ग्राफ आहे ना?”

“तो मी काढून टाकते. सोमवारी मीच सांगते त्याला, नीट समजावून.”

“वहीत लिहू?”

“राहू दे यार, सोमवारनंतर लिही.”

मी लिहिलं नाही. प्रयोगवहीत त्याच दिवशी नोंद करायची आणि पानाखाली एका सहकाऱ्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, हा तिथला पहिला नियम. तोही तिनेच मला शिकवला होता.

सोमवारच्या बैठकीत पडद्यावर माझी मोजणी होती. ताई संथ इंग्रजीत सांगत होती की शनिवारी पुन्हा तपासताना तिला ही चूक सापडली. दुर्दैवाने तोवर ग्राफ अर्जासोबत गेला होता.

प्राध्यापक माझ्याकडे वळले. “तुला हे माहीत होतं?”

“हो. गुरुवारपासून. मी हिला तेव्हाच सांगितलं होतं.”

ताईने कॉफीच्या कपाचं झाकण घट्ट केलं. “प्लेटबद्दल काहीतरी बोलली होती. इतकं गंभीर असेल असं तिच्या बोलण्यावरून वाटलं नाही.”

“वहीत नोंद आहे?” प्राध्यापकांनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“चूक मी समजू शकतो,” ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. संध्याकाळी त्यांची ईमेल आली: सध्याच्या परिस्थितीत शिफारसपत्र देणं त्यांना शक्य नव्हतं.

मंगळवारी मी टॅक्सीने गेले. वही उघडून मंगळवारचीच तारीख घातली, ‘उशिरा केलेली नोंद’ असं शीर्षक दिलं आणि सगळं लिहिलं: फिरलेली प्लेट, गुरुवार, ताईला सांगणं, तिचं थांबवणं, आणि माझं ऐकणं. शेवटचं वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला.

मग वही ताईच्या टेबलावर ठेवली. “साक्षीदार म्हणून सही हवी आहे.”

तिने ते पान दोनदा वाचलं. “सकाळी खाली थांबले होते मी. वीस मिनिटं,” ती म्हणाली. आणि मग, “हे असं लिहायलाच हवं का गं? माझं व्हिसाचं चाललंय, तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. तिच्या अर्जाची पाकिटं मीच चिकटवली होती.

“यात काही खोटं आहे का?” मी विचारलं.

तिने पेनाचं टोपण लावलं. सहीची रेघ तशीच मोकळी ठेवून मी वही उचलली आणि प्राध्यापकांच्या खोलीचं दार वाजवलं.