वाटाड्याशिवाय दीव

रहीमचाचा दीवला चालायला निघाले, तेव्हा बडनेऱ्यात कोणाचा विश्वास बसला नाही.

दीव हे गुजरातच्या टोकाशी असलेलं छोटं बेट. पोर्तुगीजांचा किल्ला, जुनी चर्च, गुहा, समुद्राच्या पाण्यानं धुतली जाणारी शिवलिंगं, हे सगळं पायी फिरता येईल एवढ्या अंतरात. पण आमच्याकडून तिथं जाणाऱ्यांचं कारण वेगळं असतं. तिथं दारूला बंदी नाही आणि ती स्वस्त मिळते. चाचांचे शेजारी बुधाजीकाका चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाले, "गार्डसाहेब, दीवले लोक पडाले जातात. चालाले जाणारे तुमीच पयले."

चाचा हसले. मला हसू आलं नाही. खरं कारण मला माहीत होतं.

अब्दुल रहीम मालगाडीचे गार्ड होते. आता त्या कामाचं नाव बदललंय, पण बडनेऱ्यात त्यांना गार्डसाहेबच म्हणतात. आयुष्यभर ते गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसले. पुढे कोळशाच्या वाघिणींची रांग, मागे सुटत जाणारे रूळ. निवृत्त झाल्यावर ते वाचनालयात येऊ लागले. तिथं आमची ओळख झाली. मी नुकताच मराठीत एम.ए. झालो होतो आणि शिकवण्या घेत होतो. आमच्या वयात चाळीस वर्षांचं अंतर. तरी मैत्री झाली. मी पुस्तकं आणून द्यायचो, ते वाचून काढायचे. गेल्या वर्षी तर त्यांचा वाचायचा चष्माही सुटला. या वयात चष्मा सुटलेला दुसरा माणूस दाखव, असं ते मला म्हणायचे.

त्यांची बायको सईदाचाची वारल्यापासून ते एकटे राहतात. मुलगी उज्माताई अकोल्याच्या एका शाळेत शिक्षिका आहे.

मग त्या दोन गोष्टी घडल्या.

चाचा अकोल्याला जायला स्टेशनवर गेले आणि नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले. ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलला होता. गाडी हलल्याबरोबर त्यांना दिशा कळली, पण उतरता आलं ते पुढच्या स्टेशनवर. ही बातमी त्यांच्या आधी बडनेऱ्यात पोचली. गार्डसाहेब उलट्या गाडीत बसले, म्हणून रेल्वे कॉलनीत आठवडाभर हशा चालला.

दुसरी गोष्ट बडनेऱ्यात माझ्याशिवाय कोणाला कळली नाही. पुढच्या खेपेला उज्माताई त्यांना घ्यायला अकोला स्टेशनवर उभी होती. चाचा तिच्या समोरून निघून गेले. तिनं हाक मारली तेव्हा थांबले, वळले. तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, कोण?

त्या दिवसापासून उज्माताईची झोप गेली. चाचांची तर त्याहून जास्त. त्यांची अम्मी शेवटी शेवटी कोणालाच ओळखत नव्हती. रहीमचाचांनाच विचारायची, रहीम कधी येणार? तीच पाळी आता आपल्यावर आली, असं त्यांनी धरून टाकलं. डॉक्टरकडे जायला ते तयार होत नव्हते. डॉक्टरनं नाव घेतलं की ते खरंच होऊन जाईल, एवढंच म्हणायचे. उज्माताई म्हणाली, बडनेऱ्याचं घर बंद करा आणि माझ्याकडे या. ती रागानं म्हणाली नव्हती. म्हणून नाही म्हणणं कठीण होतं.

दीवचं त्यांना मोबाइलवर दिसलं. एक छोटी कंपनी राहायची सोय करते, सामान रिक्षानं पुढच्या मुक्कामाला पोचवते आणि हातात हिंदीत छापलेले कागद देते. कुठून निघायचं, कुठं वळायचं, काय पाहायचं, सगळं त्यात. सोबत वाटाड्या नाही. आपण वाचायचं, आपण चालायचं.

"बडनेऱ्यात तर मले माहे पायच घेऊन जातात," चाचा मला म्हणाले. "त्यात डोक्याचं काय काम? नवीन जागी जातो. रस्ता सापडला, तर डोकं शाबूत. नाई सापडला, तर घराची किल्ली उज्माच्या हाती देतो. मंग ती म्हणेल तसं."

उज्माताईनं एक अट घातली, अंकुरनं, म्हणजे मी, सोबत जायचं. चाचांनी मला दुसरी घातली. मी मागं राहायचं आणि ते चुकले तरी तोंड उघडायचं नाही.

"गार्ड मागंच असते," ते म्हणाले. "आता तू गार्ड."

डिसेंबरात आम्ही सुरतेमार्गे दीवला पोचलो.

पहिला दिवस फार चांगला गेला. गावातल्या वाटा अरुंद. भिंती हाताच्या अंतरावर. चाचा कागद वाचायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि चालू लागायचे. गावाभोवतीच्या तटाचा मोठा दरवाजा त्यांना बरोबर सापडला. चर्च सापडलं. आतलं लाकडी कोरीवकाम त्यांनी नाक लावून पाहिलं. किल्ल्यात त्यांनी तोफांवरून हात फिरवला, दगडावरची अक्षरं बोटानं गिरवली. ही माणसं एवढ्या लांबून येऊन काहून बसली असतील इथं, असं मला विचारलं आणि उत्तर द्यायची मला मनाई असल्याचं आठवून स्वतःच हसले.

संध्याकाळी त्यांनी मासे मागवले. मी बाहेर जाऊन उज्माताईला फोन केला. म्हणालो, एकही वळण चुकले नाहीत. ती म्हणाली, उद्या पण फोन कर.

दुसऱ्या दिवशी तटाबाहेरच्या गुहा पाहिल्या. छतातल्या भोकांमधून ऊन खाली येत होतं. चाचा तिथं बराच वेळ वर तोंड करून उभे राहिले. मग फुदम नावाच्या गावाकडे निघालो. आता रस्ता मोकळा होता. बाजूला होक्याची झाडं. ही ताडाचीच जात, पण खोडाला फांद्या फुटतात. आमच्या वऱ्हाडात असलं झाड नाही.

कागदावर लिहिलं होतं, दूर पांढरं चर्च दिसलं की डावीकडच्या पायवाटेनं जा. चर्च दिसलं. पायवाट आली. चाचा सरळ पुढे गेले.

मी अट पाळली. पुढं एक पाटी होती, तिच्यावर बाण होता. चाचा तिच्याकडे न पाहता गेले. त्यांच्या चालण्यात आता घाई आली होती. आपण चुकलो हे त्यांना कळलं होतं आणि मला कळू नये असं वाटत होतं. रस्ता एका बंद पडलेल्या दगडखाणीत संपला.

ते एका दगडावर बसले. मी तिथंच उभा राहिलो. 

खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"उज्माले दे. मले नाई देता येत."

"चाचा, एकदा चुकलो तर काय होते?"

"एकदा नाई. ती गाडी, मंग उज्मा, आन आता हे. तीन ठिकानी चुकलो. मले समजते बेटा. अम्मीचं बी असंच सुरू झालतं."

मी किल्ली घेतली नाही. काहीतरी करायचं म्हणून खिशातला माझा कागद काढला. विचारलं, सकाळी वाचलं होतं ना? त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. गुहेच्या बाहेर पडून उजवीकडे. पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ. दूर पांढरं चर्च दिसलं की डावीकडची पायवाट. ती चुकली, तर पुढच्या पाटीवरच्या बाणाच्या दिशेनं गाव. ते म्हणत गेले आणि मी कागदावर बोट फिरवत गेलो. अख्खं पान. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मला काही उमजेना. ज्याला पान पाठ आहे, तो वळला का नाही?

"मग डावीकडे का नाही वळलात?"

"चर्च आलंच कुठी?"

खाणीच्या काठावरून चर्च समोर दिसत होतं. उन्हात नुसतं झळकत होतं.

"ते काय चाचा."

"कुठी?"

मी त्यांचा खांदा धरून त्यांना तिकडे वळवलं. त्यांनी डोळे बारीक केले.

"पांढरं पांढरं हाये काईतरी. ढग हाये ना तो?"

मी खाणीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि हात वर करून ओरडलो, किती बोटं? ते म्हणाले, तू हात वर केला काय? मी थोडा जवळ आलो. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. असं करत करत मी अगदी त्यांच्या पुढ्यात आलो, तेव्हा त्यांनी बोटं बरोबर मोजली.

"चाचा, तुमच्या डोक्याले काही झालं नाही. तुमचे डोळे गेलेत."

ते माझ्यावर चिडले. रेल्वे दर काही वर्षांनी डोळे तपासते. एवढ्या नोकरीत ते एकदाही नापास झाले नव्हते. आणि चष्मा सुटलेल्या माणसाला मी डोळ्यांचं सांगत होतो. मी त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, त्या दिवशी गाडीवरची पाटी वाचली होती का?

ते थांबले. 

"वाचली नाई. अकोल्याचीच वाटली."

"आणि उज्माताई?"

"एक बाई उभी होती. उजेड तिच्या मांगून होता." ते किल्लीकडे पाहत राहिले. "तोंड नाई दिसलं बेटा. आवाजावरून वाटलं, पन तोंडच नाई दिसलं. मले वाटलं, मी तिचं तोंड भुललो."

किल्ली खिशात टाकून ते उठले. मला म्हणाले, जाय, पुन्हा तिथं उभा राह्य.

मी गेलो. हात वर केला.

"नाई दिसून राह्यलं," ते म्हणाले. "अजून मांगं जाय."

मी अजून मागं गेलो.

"आता तर तू बी नाई दिसून राह्यला."

इतक्या आनंदानं नापास होणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांनी मला उन्हात किती वेळ पुढेमागे नाचवलं, ते मला आठवत नाही. दोन बकऱ्या आमच्याकडे पाहत होत्या. बकऱ्या आहेत हे मी सांगितलं, तर म्हणाले, मले कुत्रे वाटले.

संध्याकाळी आम्ही बसनं बेटाबाहेरच्या ऊना या गावी गेलो. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका प्रकारच्या मोतीबिंदूत लांबचं धूसर होत जातं आणि जवळचं काही काळ उलट चांगलं दिसतं, असं त्यांनी सांगितलं. चष्मा सुटला म्हणून लोक खूश होतात आणि वर्ष घालवतात. चाचांनी त्यांना विचारलं, मग डोक्याचं काय? त्या म्हणाल्या, डोकं हे माझं काम नाही. घरी गेल्यावर तेही एकदा दाखवा. पण तुम्ही आत्ता मला सगळी हकीकत क्रमानं सांगितली, त्यावरून मला तरी काळजी वाटत नाही.

मी दवाखान्याच्या पायरीवरून उज्माताईला फोन लावला. सगळं सांगितलं. 

ती म्हणाली, "म्हणजे स्टेशनवर त्यांनी मला पाहिलंच नव्हतं?"

"नाही."

"पाहून ओळखलं नाही, असं नाही ना?"

"दिसलीच नाहीस त्यांना."

फोन कट झाला. थोड्या वेळानं तिचाच आला.  असल्या डोळ्यांच्या माणसाला किल्ल्यावर चढवायची अक्कल मला कोणी दिली, असं तिनं विचारलं. मी ऐकून घेतलं. मला फार बरं वाटलं.

राहिलेली वाट आम्ही पूर्ण केली. आता मी मागं नव्हतो. चाचा पाठ केलेलं म्हणायचे, लांबचं मी पाहायचो. समुद्राकाठच्या कपारीतल्या शिवलिंगांवर लाट येऊन फुटली, तेव्हा ते गुडघ्यापर्यंत भिजले आणि हसतच राहिले. शेवटच्या दिवशी बेटाच्या पश्चिम टोकाला, वणाकबारा या कोळ्यांच्या गावी पोचलो. धक्क्याला बोटी लागलेल्या होत्या. चाचांना नुसते रंग दिसत होते. तिकडे काय आहे, असं ते विचारायचे, मी सांगायचो आणि ते मान हलवायचे. न दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा त्यांना आनंद होत होता. परतीच्या बसमध्ये ते बसल्या बसल्या झोपले आणि सुरत येईपर्यंत उठले नाहीत.

अमरावतीला त्यांनी डोकंही दाखवलं. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले आणि काही नाही म्हणून घरी पाठवलं. जानेवारीत एका डोळ्याचं ऑपरेशन अकोल्यात झालं. उज्माताई म्हणत होती, महिनाभर माझ्याकडेच राहा. चाचा आठ दिवसांवर अडून बसले. पंधरावर तोड निघाली. घर बंद करायचं कोणी बोललं नाही.

चाचा बडनेऱ्याला परत आले, तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो. चाचांनी दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थांबले.

कोपऱ्याकोपऱ्यात जाळी लटकत होती. पंख्याच्या पात्यांवर काळा थर होता. भिंतीचा रंग कुठं होता, कुठं नव्हता. मी हे सगळं रोज पाहत होतो. मला वाटायचं, एकट्या माणसाचं घर असंच असतं.

"इतका कचरा?" चाचा म्हणाले. "याच्यासाठी भांडलो मी उज्मासंग? सईदा पाह्यती तर मले घराबाह्यर काढती."

त्यांना वाकायची आणि धुळीत जायची मनाई होती. तरी त्यांनी झाडू उचलला. मी तो हिसकावून घेतला आणि उज्माताईला फोन केला. ती रविवारी सकाळच्या गाडीनं आली. पदर खोचला आणि स्टुलावर चढली. पहिलं जाळं काढल्यापासून तिचं तोंड सुरू झालं. इतकी वर्षं या उकिरड्यात राहिलात, मला इकडे येऊ दिलं नाही, दरवेळी स्वतःच अकोल्याला आलात. चाचा बाहेर व्हरांड्यात बसवलेले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. तिथून सांगत होते, डावीकडे राहिलं, वर, अजून वर, तिथं एक कोळी आहे.

"कोळी दिसला तुम्हाला तिथून?" उज्माताईनं खाली वळून विचारलं.

"दिसला ना. पळून राह्यला तो."

तिनं झाडू मारला. कोळी खरंच होता.