जेवणाआधीचं कडू

चमचा अक्कांच्या दातांवर आपटला. स्टीलचा कोरडा आवाज झाला आणि तांदळाची पेज हनुवटीवरून ओघळून लुगड्यावर सांडली. "ब्याड," त्या म्हणाल्या. अक्कांचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. सासरी जन्म गेला, तरी नको म्हणायची वेळ आली की त्यांना माहेरची भाषाच आठवते. मग त्यांनी ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते: ताप गेला, छाती साफ झाली, औषधानं करायचं ते करून झालं, आता पोटात अन्न गेलं नाही तर म्हातारी राहायची नाही. म्हातारी हा शब्द त्यांनी वापरला नाही, आजी म्हणाले. अर्थ तोच.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. दोघींचे नवरे मागेच गेले. शिवाजी पेठेतल्या या घरात मी आणि त्या एका स्वयंपाकघरात म्हाताऱ्या झालो. आमचं पटलं असं मी म्हणणार नाही. मीठ किती घालायचं यावर भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. पण भांडायला समोर माणूस लागतं, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. मी रडले नाही. रडून पेज गरम राहत नाही.

भूक ही केवढी साधी गोष्ट! ती असते तेव्हा आपण तिच्यावर वैतागतो, वेळी-अवेळी आली म्हणून तिला शिव्या देतो. आणि एकदा ती उठून गेली की मग कळतं, तिला हाक मारून बोलावता येत नाही. कुणाच्या पोटात दुसऱ्याला भूक घालता येते का? अन्न घालता येतं, तेही तोंड उघडलं तर. मी मुगाचं कढण केलं, पांढरा रस्सा पाण्यासारखा पातळ करून दिला, शिरा केला, चिंचेचं सार केलं. गोड झालं, तिखट झालं, आंबट झालं. ज्या बाईनं आयुष्यभर माझ्या आमटीला नावं ठेवली ती आता नावंही ठेवीना. मला खरी भीती तिथं वाटली.

प्रणाली त्याच दुपारी पुण्याहून आली. ती अक्कांची नात, त्यांच्या बाळूची मुलगी. पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये ती पेयं तयार करते. बाळू गल्लीत सांगतो, "पोरगी हॉटेल लायनीत हाय." खोटं नाही; फक्त हॉटेलातली कुठली खोली, ते तो सांगत नाही. तिला सुट्टी मिळाली होती, पण काम मागं लागलेलंच होतं. जेवणाआधी द्यायच्या पेयांची नवी यादी तिला करायची होती. म्हणून आजीला बघून झाल्यावर, डोळे पुसून, तिनं पिशवीतून बाटल्या काढल्या आणि ओट्यावर मांडल्या.

"हे काय दुकान मांडालीस?" बाळू दारातूनच ओरडला. "आत आई मरायला टेकलीया, आन् तू..."

"मरायला न्हाय पप्पा, जेवत न्हाय म्हणून टेकलीया," प्रणाली म्हणाली. "आन् माझी नोकरी हाय ही."

मी तिला विचारलं, जेवणाआधी दारू कशाला? आमच्याकडे जेवणाआधी प्यायलेला माणूस जेवणच विसरतो, ताट झाकून बाई बसून राहते. माझ्या सासऱ्यांची दारू मी बघितली आहे. तिला एकच वास होता आणि त्यात भूक नव्हती.

"ते येगळं, धाकट्या आजी. हे घोटभरच घ्यायचं. कडू असतंय. भूक उघडायला."

भूक उघडायला! जणू भूक ही कडी लावलेली खोली आहे आणि कडू ही तिची किल्ली. मला हसू आलं, पण मी स्टूल ओढून बसले. त्या दिवसांत भुकेबद्दल कुणीही काहीही सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं.

तिनं सांगितलं ते असं. व्हर्मुथ म्हणजे द्राक्षाची वाइन, तिच्यात झाडपाला, मुळ्या आणि साली मुरवलेल्या. आमचा काढा पाण्यात, त्यांचा वाइनमध्ये. एक पांढरी, कोरड्या चवीची. एक तांबूस, गोडसर. बाटली उघडली की फ्रीजमध्ये ठेवायची आणि महिन्या-दीड महिन्यात संपवायची, नाहीतर चव उतरते. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. जे नासतं ते खाण्यापिण्याचं असतं. जे कधीच नासत नाही त्याचा मला भरवसा वाटत नाही. मग एक बाटली कुंकवासारखी लालभडक, ती कडू संत्र्याच्या सालीची. आणि एक काळपट, ती जेवण झाल्यावर घ्यायची, अन्न जिरवायला. त्या लोकांनी जेवणाच्या दोन्ही बाजूंना कडू उभं केलं आहे आणि मधे जेवण बसवलं आहे. विचार केला तर यात वेडेपणा कुठं आहे?

तिनं मला चमच्या-चमच्यानं चव दाखवली. या वयात मला कोण काय बोलणार? काळपट बाटली सरळ किराईताच्या काढ्यासारखी निघाली, वर साखर पडलेली. लाल बाटलीनं आधी गोडाचं आमिष दाखवलं आणि घशाखाली उतरताना असा कडूपणा सोडला की माझे कान हलले. मग तिनं लाल कडू आणि तांबूस व्हर्मुथ एकत्र केलं, वर सोडा ओतला, मोसंबीची साल चिमटीत दाबून तिचा तुषार उडवला. दोन कडू एकत्र आले की कडूपणा दुप्पट व्हायला पाहिजे. तसं होत नाही. एक दुसऱ्याला धरून राहतं. आम्ही दोघी जावा अशाच टिकलो, हे मी तिला सांगितलं नाही.

कडूशी आपली ओळख कुठं होते, तुम्ही कधी आठवून बघितलं आहे? पाडव्याच्या कडुनिंबाच्या कोवळ्या पानांशी, असं कुणीही सांगेल. पण ओळख त्याच्या आधीची असते, फक्त ती आठवत नाही. लेकराला अंगावरचं तोडायचं झालं की आई कडुनिंबाचा पाला वाटून लावते. लेकरू सवयीनं येतं, तोंड लावतं आणि फसवल्यासारखं किंचाळतं. माझा थोरला तसाच किंचाळला होता. माझ्याच्यानं बघवेना, मी परसात जाऊन उभी राहिले. अक्कांनी त्याला मांडीवर घेतलं, भाकरीचा पापुद्रा सोलला, दुधात बुडवला आणि त्याच्या उघड्या तोंडात घातला. "कडू लागलं व्हय रं? घे, ह्यानं जातंय." तो गप्प झाला आणि चघळायला लागला. दुधाकडून भाकरीकडे माणूस वळतं ते असं, कडूच्या वाटेनं. गोडानं कुणी कुठं वळत नाही. गोड माणसाला आहे तिथंच बसवून ठेवतं.

मी या विचारात असताना प्रणालीनं पांढऱ्या व्हर्मुथचं बूच काढलं, आणि पौषातल्या त्या थंड दुपारी माझ्या स्वयंपाकघरात चैत्र शिरला. जोतिबाच्या डोंगरावर, सासनकाठ्या नाचत असताना, गुलालाच्या खाली एक थंड, कडसर वास असतो. हातातली जुडी चुरगळली की तो बोटांना लागतो आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या तरी जात नाही. तो वास.

"दवणा," मी म्हणाले.

प्रणालीनं बाटली नाकाशी नेली. "व्हय की! मला रोज ओळखीचा वाटतोय, नाव आठवत नव्हतं." व्हर्मुथमध्ये जे मुख्य झुडूप घालतात ते दवण्याच्याच कुळातलं, चुलत बहीण म्हणायची, असं तिनं सांगितलं. त्या झुडपावरूनच तिकडं या वाइनचं नाव पडलं आहे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मला हाक आली, पिठाच्या डब्यातून यावी तशी दबकी. "हौसे, चैत लागला व्हय गं?"

ब्याड सोडून दुसरा शब्द त्या तोंडातून कितीतरी दिवसांत निघाला नव्हता. मी बाटली घेऊनच आत गेले. अक्कांनी भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं होतं.

"दवणा कुणी आणला?"

"दवणा न्हाय अक्का, दारू हाय." आजारी माणसाशी मी खोटं बोलत नाही. त्यांना कळतं, आणि मग पुढचं काहीच खरं वाटत नाही.

"दारूत दवणा?"

"त्याची चुलत भैन."

"मग दे की."

बाळू मागंच उभा होता. "देवाचा दवणा दारूत? आई, काय बोलालीस तू?"

अक्कांनी डोळे मिटले, दम घेतला, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "देवाला वाह्यला, की देवाचा. तवर मळेकऱ्याचा."

तरी मी चमचा पुढं केला नाही. प्रणालीनं डॉक्टरांना फोन लावला, कुठल्या गोळ्या कधी संपल्या ते वाचून दाखवलं. पलीकडून ते आधी हसले, मग सरळ बोलले: गोळ्या संपल्यात, तेव्हा चमचाभर, भरपूर सोडा घालून, आजचा दिवस फक्त, हे औषध नाही, रोज लावू नका, आणि लगेच खायला द्या.

चहाच्या काचेच्या ग्लासात एक चमचा व्हर्मुथ, लाल कडूचे चार थेंब, बाकी सोडा. मोसंबीची साल तिनं आजीच्या नाकापुढंच दाबली. मी अक्कांना धरून बसवलं. हाताला नुसती हाडं लागली. त्यांनी एक घोट घेतला. ओठ मिटले, कपाळाला आठ्या पडल्या, मान भिंतीकडे वळायला लागली. झालं, आता ब्याड येणार, असं मला वाटलं.

"कडू हाय की गं!" त्या ओरडल्या. ओरडल्या म्हणजे जेवढं जमलं तेवढं. "तोंड इख करून ठिवलंस माझं. आता ह्याच्यावर काय तरी दे की! बघत काय बसलीस?"

मी उठले. टोपलीत सकाळची भाकरी होती. वरचा पापुद्रा सोलला, दुधात बुडवला आणि त्यांच्या तोंडात घातला. बोलायचं होतं ते वाक्य मला पाठ होतं, पण ते त्यांचं होतं, म्हणून मी बोलले नाही. त्यांनी चघळलं. बराच वेळ चघळलं. गिळताना गळ्याची शीर वर-खाली झाली, ती आम्ही तिघं बघत राहिलो.

"दूध पातळ हाय," अक्का म्हणाल्या. "पाणी घातलंस?"

आता भिंतीकडे तोंड करून बाळू उभा होता. त्याच्या पाठीला मी म्हणाले, "ऐकलंस न्हवं? नावं ठिवाय लागली."

दुसऱ्या दिवसापासून व्हर्मुथ नाही. प्रणालीनं घरातलंच किराईत आणि मोसंबीची साल रात्री भिजत घातली, सकाळी गाळली, गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ घातलं. जेवायच्या आधी सोड्यातून अर्धी वाटी. अक्का ते घेताना तिच्या हॉटेलाचा उद्धार करायच्या आणि तोंडाची चव घालवायला दोन घास खायच्या. दोनाचे चार झाले. ती भूक होती की राग, मला सांगता येणार नाही. पोटाला फरक कळत नाही.

कुणी म्हणेल, कडूनं वाचवलं. मी म्हणणार नाही. न खाता गेलेली माणसं मी बघितली आहेत आणि त्यांच्याही घरात किराईत होतं. औषध होतं, नात आली होती, मुळात बाई हट्टी. कशानं काय झालं याची वाटणी कोण करणार? मला एवढंच वाटतं की आम्ही सगळे त्यांना आवडेल ते शोधत होतो. आवडण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. न आवडण्याइतकी होती. आजारी माणसाला रागवायलाही काहीतरी हातात द्यावं लागतं, हे मला इतक्या उशिरा कळलं.

प्रणाली पुण्याला गेली. तिच्या यादीत आता आमच्याकडच्या दवण्याचं एक पेय आहे म्हणे. बाळू गल्लीत सांगतो, पोरगी भूक लागायचं औषध करती. तेही पूर्ण खरं नाही, पण पहिल्यापेक्षा बरं.

पांढऱ्या व्हर्मुथची उरलेली बाटली ती इथंच विसरली होती. फ्रीजमध्ये तिची चव उतरली. शेवटी मी ती मोरीत ओतली, आणि दिवसभर मोरीला चैत्राचा वास येत राहिला.

हे लिहिताना आतून आवाज येतो आहे. तोच चमचा, तोच स्टीलचा कोरडा आवाज; पण दातांवरचा नव्हे, ताटावरचा. आमटी वाढायला मी उशीर केला की त्या चमचा आपटतात. आज मीठ कमी आहे म्हणतात. नाही, बरोबर आहे.

अक्का जगल्या.