हरभरे कुणी खाल्ले?

नणंद कॉलेजात रसायनशास्त्रात नापास झाली, तेव्हा अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, स्पष्ट सांगितलं, "पुन्हा नापास झालीस तर अळणावर गावच्या त्या लाकूडवाल्यांच्या स्थळाला होकार कळवतो." तिला लाकूडवाला नको होता. पण ते ‘अनसॅच्युरेशन’ काही तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

एका दुपारी तिनं माझ्या स्वयंपाकघरातच अभ्यास मांडला. कणकेचे गोळे म्हणजे कार्बन. प्रत्येकाला चार हात. हात म्हणजे नव्या खराट्याच्या काड्या. उसळीचे भिजलेले हरभरे म्हणजे हायड्रोजन, त्यांना हात एकच. सहा गोळे ओळीनं जोडले की मोकळ्या हातांवर चौदा हरभरे बसतात. दोन कमी पडले, तर शेजारच्या गोळ्यांनी एकमेकांना आणखी एका काडीनं धरायचं. अशा किती जोड्या कमी, ते मोजायचं. एवढ्यासाठी केवढा तो शब्द!

बेंझीनपुढे पुस्तकात हायड्रोजन सहा होते. मी तेवढे हरभरे मोजून दिले. तिनं तीन जागी दुहेरी काड्या घातल्या, तरी दोन्ही टोकांचा एकेक हात रिकामाच.

"दोन कमी! वहिनी, कुणी खाल्ले?"

तेवढ्यात अप्पा काहीतरी चघळत पाणी प्यायला आले.

"अप्पा, तोंड उघडा."

"एनव्वा, काय गं, बापाला चोर ठरवतेस? सुपारी आहे!"

"जीभ वर करा बघू."

अप्पांनी चक्क जीभ वर केली. सुपारीच होती. अप्पांसमोर मी बोलत नसे. पदर तोंडात कोंबून हसू दाबत होते. त्यांचा पाय पडू नये म्हणून मी ती माळ दोन्ही टोकांना धरून उचलली. टोकं जवळ आली आणि रिकामे हात एकमेकांत अडकले.

नणंद किंचाळली, "कुणीच खाल्ले नाहीत! कडं मिटलं की एक जोडी जातेच!"

बेंझीनच्या कड्याचं पुस्तकातलं चित्र तिला तोंडपाठ होतं; पण कडं मिटायलाही हात खर्ची पडतात, हे आम्हा दोघींना सुचलंच नव्हतं.

ती पास झाली. अळणावरला नकार गेला, तोही अप्पांनीच कळवला. पण तेव्हापासून डब्यातला लाडू कमी झाला आणि मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, की अप्पा मिशी पुसत म्हणायचे, "माझ्याकडे काय बघतेस? टोकं जुळली असतील."