बहिणीला लिहिलेलं वाक्य

कुणी दुसऱ्याबद्दल काही सांगायला लागलं की निमकर बाई हातातलं काम थांबवून विचारायच्या, "हे तुझं आहे का सांगायला?" आवाज चढलेला नसायचा. स्टाफरूममध्ये नवी असताना मी एकदा कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची बातमी घेऊन गेलेले आणि या प्रश्नावर अर्धं वाक्य गिळून बसलेले. ठाण्याच्या आमच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या. डोंबिवलीत आमच्या इमारती शेजारीशेजारी, त्यामुळे त्यांच्या निवृत्तीनंतरही माझं जाणं-येणं राहिलं.

घरात त्या आणि त्यांचा मुलगा केदार. नवरा लवकर गेलेला. केदार पंचविशीचा, अंगाने थोराड, पण समज तीन-चार वर्षांच्या पोराची. समोरच्याच्या बोलण्यातला शेवटचा शब्द तो परत म्हणायचा, त्याचं बोलणं तेवढंच. बाई त्याला भरवायच्या, आंघोळ घालायच्या, कपडे बदलायच्या, आणि घरात तिसरं कुणी नसलं तरी दार लावून. "त्यालाही अब्रू आहे," म्हणायच्या.

तेव्हा सरकारने एक प्रस्ताव मांडलेला. फोनवरचे संदेश कुलूपबंद जातात, पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येत नाहीत. त्या कुलपाची एक चावी कंपन्यांनी सरकारलाही द्यावी, असा तो प्रस्ताव. टीव्हीवर, पेपरात, सोसायट्यांच्या ग्रुपवर वाद पेटले. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका सभागृहात परिसंवाद ठरला. विरोधात बोलायला बाईंना बोलावलं. बाजूने बोलणार होते दळवी वकील, डोंबिवलीतून नगरसेवक व्हायची तयारी करणारे. मी बाईंबरोबर गेले.

बाई छान बोलल्या. चावी एकदा तयार झाली की ती कायम चांगल्याच माणसाच्या हातात राहील, हे कुठल्याही गणिताने सिद्ध होत नाही, म्हणाल्या. लोक मन लावून ऐकत होते. मग दळवी उठले. ज्याने काही केलं नाही त्याला भीती कसली, हेच ते घोळवत राहिले, आणि शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला.

"मॅडमना प्रायव्हसी कशाला पाहिजे, ते मॅडमच्याच शब्दांत ऐका," म्हणाले आणि वाचलं, "केदार माझ्याआधी गेला तर बरं, असं हल्ली रोज वाटतं."

बाईंनी ते कल्याणला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, सुमनला लिहिलं होतं. कुलूप कुणी मोडलेलं नव्हतं. सुमनच्या फोनचा पासवर्ड तिच्या नवऱ्याला ठाऊक होता, आणि नवरा दळवींच्या प्रचारात फिरत होता.

टेबलाची कड धरून बाई उभ्या राहिल्या. "हो, मी लिहिलंय. माझ्यामागे त्याला कोण बघणार, या भीतीने लिहिलंय. गुन्हा केलेला नाही, तरी लपवायचं होतं. आता सगळ्यांना कळलं. वकीलसाहेब, यातून कोण सुरक्षित झालं?"

दळवींवर उत्तर द्यायची वेळच आली नाही. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "आई आहे की कोण आहे ही?" टाळ्या तिला मिळाल्या.

परतताना गाडीत निमकर बाईंनी सुमनला फोन लावला. "तुझा फोन त्याच्या हातात असतो, एवढं मला सांगायला हवं होतंस," म्हणाल्या आणि ठेवला. त्यानंतर बहिणी बोलल्या नाहीत.

ते वाक्य ग्रुपवर फिरलं, फिरता फिरता बदललं. बाई मुलाला मारायला टपल्यात, इथवर गेलं. एका संध्याकाळी सोसायटीच्या बागेत कुणीतरी मोबाइल समोर धरून केदारला विचारलं, "आई मारते?"

"मारते," केदार हसत म्हणाला.

तो व्हिडिओही फिरला. केदार दिवसा ज्या केंद्रात जायचा, तिथून चौकशी होईपर्यंत आणू नका म्हणून कळवलं. केंद्राकडून चौकशीला दोघी आल्या. त्यांनी बाहेरच्या खोलीतच त्याचे कपडे उतरवून वळ शोधले. जिन्यात माणसं उभी. बाई म्हणाल्या, निदान दार तरी लावा. "आता काय लपवायचं राहिलंय?" त्यातली एक म्हणाली. वळ सापडले नाहीत. ते मात्र ग्रुपवर कुणी लिहिलं नाही.

मी बाईंना म्हटलं, तक्रार करा, पेपरात लिहा. "लिहायला घेतलं की केदारचं आणखी काय काय सांगावं लागेल?" म्हणाल्या, आणि केदारसाठी भात कालवायला आत गेल्या.

प्रस्ताव बारगळला की नुसता लांबला, मला नीट कळलं नाही. दळवी निवडून आले.

बाई गेल्या त्या एका सकाळी, स्वयंपाकघरात कोसळून. दार वाजवून कुणी उघडेना, तेव्हा माझ्याकडच्या किल्लीने मी आत गेले. केदार त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेला आणि त्यांच्या तोंडात पोळीचा तुकडा सरकवत होता. पोळी आत जात नव्हती, म्हणून तो आणखी लहान तुकडा करत होता.

सुमनच्या नवऱ्याने त्याला घरात घ्यायला साफ नकार दिला. सुमन रडली, पण नवऱ्यापुढे बोलली नाही. माझ्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शेवटी बदलापूरच्या पुढे एका संस्थेत त्याची सोय झाली.

मागच्या महिन्यात मी भेटायला गेलेले. डोकं भादरलेलं, एक मनगट कापडी पट्टीने खाटेला बांधलेलं. सारखा उठून बाहेर पळतो, असं तिथल्या मावशी म्हणाल्या. मी पट्टी सोडली. त्याने माझा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि धरूनच ठेवला. भेटीची वेळ संपल्यावर मावशींनी त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि मनगट पुन्हा बांधलं.

"जाताना मागे बघू नका," त्या म्हणाल्या, "मग आम्हाला आवरत नाही."

मी मागे बघितलं नाही.