दुबार ठरलेली ओडाली

मंगळवार, ११ मार्च. सकाळी धुकं. मागे कांद्याची पात लावली. दुपारी ओडाली आली. तिचं सरकारी आरोग्य कार्ड बंद झालंय. सोमवारी हृदयाची झडप बदलायची आहे.

वहीत एवढंच आहे. बाकीचं असं झालं.

ओडाली टेरबोन माझी धर्मकन्या, म्हणून मी तिची नानॅन, म्हणजे धर्ममाता. मी सतरा वर्षांची होते, नन्सच्या शाळेतून नुकतीच बाहेर पडलेले, तेव्हा बाप्तिस्म्याला तिला हातात धरलं होतं. तिची जुळी बहीण ओडेट शेजारी दुसऱ्या नानॅनच्या हातात रडत होती. ओडाली रडली नाही. पुढे कोळंबी सोलायच्या शेडमध्ये ती दोन्ही हातांनी एकदम डोकी मोडायची, आणि तिच्याशी पैज लावणारा हमखास हरायचा. गेल्या वर्षापासून मात्र घराचा जिना चढताना ती मधेच बसू लागली.

बुधवारी मी तिला आरोग्य कार्यालयात नेलं. तिथल्या मिस जोनेल समजूतदार बाई.

"तुमची दुबार नोंद झालीय," त्या म्हणाल्या. "एक इथे लुईझियानात, एक टेक्सासमध्ये. एका माणसाचा हप्ता सरकार दोनदा भरतंय, म्हणून इथलं बंद केलं."

"मी टेक्सासमध्ये राहिलेच नाही!"

"मारी ओ. टेरबोन. जन्मतारीख तीच. ओळख क्रमांकात शेवटच्या आकड्याचा फरक, तो टंकताना चुकला असेल असं धरलंय."

मला सगळं उमगलं: टेक्सासमधली ती मारी ओ. म्हणजे ओडेट. आमच्याकडे मुलीचं पहिलं नाव मारीच असतं, आणि त्यांच्या आईने तर सगळ्या लेकरांची नावं 'ओ'वरून ठेवली. दोघींचे क्रमांक तिने एकाच दिवशी काढले. त्यात दोघी बहिणींनी टेरबोनांच्या दोन भावांशी लग्नं केली, म्हणजे आडनावही एकच. इकडे अशी लग्नं पुष्कळ होतात.

"बाई, या दोघी आहेत. मी साक्षीला होते," मी म्हणाले.

"माझा विश्वास आहे हो. पण खरोखर दोन्हीकडे कार्ड ठेवणारे इतके सापडलेत की नुसत्या सांगण्यावर मला नाव परत घालता येत नाही. चौकशीला सहा आठवडे लागतात. दोघी एकदम समोर आल्या, तर मात्र तेव्हाच दुरुस्त करीन. शुक्रवारी साडेचारच्या आत. नाहीतर इस्पितळ सोमवारची वेळ दुसऱ्याला देईल."

सहा आठवडे ओडाली काढेल, असं डॉक्टर म्हणत नव्हते.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "मरेन, पण तिला फोन करणार नाही."

"मरशीलच. तेच तर म्हणतायत."

नऊ वर्षांपूर्वी वादळाची सूचना असताना ओडेटच्या नवऱ्याने, नॉरिसने, बोट बाहेर काढली. सोबत त्याचा भाऊ विल्टन, म्हणजे ओडालीचा नवरा. परत आला तो नॉरिस एकटा. मग तो आणि ओडेट टेक्सासला निघून गेले. तेव्हापासून बहिणींत एक शब्द नाही.

गुरुवारी सकाळी ओडाली माझ्या स्वयंपाकघरात आली, खुर्चीत दम खाल्ला आणि नंबर फिरवला. नंबर तिला पाठ होता.

"सरकार म्हणतंय आपण एकच आहोत," ती म्हणाली.

पलीकडून ओडेटचा आवाज मलाही ऐकू आला. "दोघींतली कोणती?"

ओडालीने कार्यालयाचा पत्ता आणि वेळ सांगितली आणि फोन ठेवला.

"येते म्हणाली?"

"मी विचारलं नाही."

शुक्रवारी आम्ही दुपारी दोनलाच जाऊन बसलो. ईस्टरआधीचा उपासाचा काळ, शुक्रवारी मटण-कोंबडी चालत नाही, मासळी चालते, म्हणून मी कोळंबीचा रस्सा-भात ताटात झाकून गाडीत ठेवला होता, पण ओडाली खायला तयार नव्हती. तिचे ओठ निळसर दिसत होते. दार उघडलं की ती मान वर करायची आणि लगेच खाली घालायची. चार वाजता पहारेकऱ्याने बाहेरचं फाटक अर्धं लावलं. मिस जोनेल दोनदा घड्याळाकडे बघून गेल्या. मी मनातल्या मनात जपमाळ ओढत होते आणि मधेच विसरत होते.

चार वाजून गेल्यावर ओडेट आली. तेच कपाळ, तीच चाल, फक्त केस रंगवलेले. ती एक खुर्ची सोडून बसली.

"स्वतःच्या कार्डासाठी आलीस ना?" ओडाली समोर बघत म्हणाली.

"माझं चालू आहे. बंद तुझं झालंय."

मिस जोनेलनी दोघींना खिडकीशी बोलावलं, कागद पाहिले, चेहरे पाहिले, आणि हसू आवरलं. "शपथेवर सांगा, ही कोण?"

ओडाली खिडकीची कड धरून उभी होती.

"माझी बहीण," ती म्हणाली.

"पतीचं नाव?"

"विल्टन. वारले."

"आणि तुमच्या पतीचं?"

"नॉरिस," ओडेट म्हणाली. "बाहेर ट्रकमध्ये आहे. आत येत नाही."

बटणं दाबली गेली. "झालं. आता दोन. सोमवारी जा."

बाहेर आवारात ट्रक उभा होता. नॉरिसने स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी धरलं होतं, मान खाली. केस पांढरे झालेले. ओडाली तिथेच थांबली. मी तिचा दंड धरला. भांडण झालं असतं, तर तिच्या छातीला झेपलं नसतं.

"हा सकाळपासून चालवतोय?" तिने विचारलं.

"मला कुठे येतं चालवायला," ओडेट म्हणाली.

ओडाली माझ्या गाडीपाशी गेली, झाकलेलं ताट काढलं आणि माझ्या हातात दिलं. "नानॅन, तू नेऊन दे. मी नाही जाणार."

मी ट्रकच्या खिडकीतून ताट आत दिलं. नॉरिसने ते मांडीवर घेतलं. मग ओडेट चढली आणि ट्रक निघाला.

शुक्रवार, १४ मार्च. ओडालीचं कार्ड चालू झालं. निळ्या काठाचं एक ताट टेक्सासला गेलं. सात उरली.