धुक्यातल्या चकरा

चाकणच्या कंपनीत लागले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. मारुंजीहून रोज बस बदलत जाण्याचा वीट आला, तेव्हा पिंपळे सौदागरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने मला शिकवायचं मनावर घेतलं. गाडी तिचीच, जुनी, गिअरची. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ नयेत अशी सोय नव्या गाड्यांत असते, ती हिच्यात नव्हती. ताई म्हणायची, हिच्यावर शिकलीस की कुठलीही चालवशील.

रविवारी सकाळी आम्ही एमआयडीसीतल्या एका रस्त्यावर जायचो. दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट आणि कमरेएवढं गवत. सुट्टीमुळे ट्रकही नसत. माझी खोड अशी की घाबरले की आधी पाय क्लचवर जायचा. क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते, गाडी मोकळी धावते. आधी ब्रेक, गाडी मंदावली की मग क्लच, हे ताई शांतपणे पुन्हा पुन्हा सांगायची.

त्या रविवारी ऊन वर आलं तरी धुकं हललं नव्हतं. परत जाऊ या, असं मी म्हणत होते तेवढ्यात पुढून टायर किंचाळल्याचा आवाज आला. थांबला, पुन्हा आला. कुणीतरी गाडी गोल गोल घसरवत होतं. तिथल्या डांबरावर टायरचे काळे गोल मी पाहिले होते, पण ते उमटताना कधी ऐकले नव्हते. दिसत काहीच नव्हतं, नुसता जळक्या रबराचा वास. आवाज डावीकडे जायचा, मग उजवीकडे, आणि दर वेळी आधीपेक्षा जवळ वाटायचा.

मग तो तुटला. एकदम शांत झालं.

मी दचकून ब्रेकवर उभीच राहिले. डंपरमधून सांडलेली माती दवाने ओली झाली होती. चाकं जाम झाली आणि गाडी आवाज न करता पुढे सरकत राहिली. स्टिअरिंग फिरवलं, तर ती वळेचना.

"ब्रेक सोड," ताई म्हणाली.

त्या क्षणी ब्रेक सोडायचा म्हणजे वेड्यासारखं वाटत होतं. तरी सोडला. चाकं फिरू लागली, गाडी वळली. "आता हळू दाब." रस्त्याकडेच्या चराला लागून आम्ही थांबलो.

समोर, चरात मागची चाकं गेलेली एक पांढरी गाडी होती. तोंड आमच्याकडे. इंजिन चालू, दार उघडं, हँडब्रेक वर ओढलेला, आत कुणी नाही.

थोडं पुढे एका दगडावर चाळिशीचा माणूस बसला होता. अंगाला खरचटलेलंही नव्हतं. त्याची डावी मूठ मात्र अजून हँडब्रेक धरल्यासारखी मिटलेली होती. ताईने त्याला पाणी दिलं. तो जवळच्याच गावातला, बायकापोरांचा माणूस निघाला. मोबाइलवर व्हिडिओ बघून गाडी घसरवायला शिकत होता, घरी न सांगता.

"मधी माणूस उभा व्हता," तो म्हणाला. "पयल्या चकरेला लांब व्हता. मंग दर चकरेला जवळ. शेवटी म्या हँडब्रेक वढला."

"गाडी लागली का त्याला?" ताईने विचारलं.

"ते तुमीच बघा. मला न्हाई बघवत."

आम्ही बघितलं. ताईने त्याची गाडी बंद केली, पोलिसांना फोन लावला, आणि आम्ही दोघी गवतात शिरलो. आयुष्यात इतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटली नसेल. पायाखाली काही मऊ लागलं की मी डोळे मिटायचे. एकदा ते भिजलेलं गोणपाट निघालं. पोलीस आले, त्यांनीही शोधलं. धुकं विरलं, दूरवरच्या शेडपर्यंत स्वच्छ दिसू लागलं. कुणी नव्हतं, रक्ताचा डागही नव्हता. हवालदार म्हणाले की धुक्यात स्वतःच्याच दिव्यांचा उजेड परत येतो, माणसाला काहीही दिसतं. त्या माणसाने मान हलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

परतीला ताईने मलाच चालवायला लावलं. आज सोडलीस तर पुन्हा हात लावणार नाहीस, म्हणाली.

पोलिसांची वाट बघताना ताईने तिच्याच फोनवरून त्याच्या बायकोला कळवलं होतं. काही आठवड्यांनी त्या बाईंचाच फोन आला. नवऱ्याने गाडी विकली होती, दुसऱ्याच्या गाडीतही पुढे बसत नव्हता. जेवता जेवता मध्येच एक गोष्ट विचारायचा, त्याचं उत्तर तेवढं त्यांना आमच्याकडून हवं होतं.

"तुम्ही रस्त्याच्या पलीकडच्या अंगालाही बघितलं होतं ना?"

ताई लगेच हो म्हणाली, दोन्हीकडे बघितलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून तिने तोच प्रश्न मला विचारला. मला नक्की सांगता आलं नाही.

त्याच दुपारी आम्ही पुन्हा तिथे गेलो. गाडी मी चालवली. पलीकडचं गवत कुठेही मोडलेलं नव्हतं. तरी आम्ही पार आतपर्यंत चालत गेलो.